जोडीदाराने द्यायची हजेरी

शिबिराची बैठक म्हणजे तरुण संघाच्या पोरांसाठी अर्धं शिबिरच. उपासना संपून मोठी माणसं घरी पांगली, की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, चहाची किटली आणायची आणि सगळ्यांनी एकाच वेळी बोलायला लागायचं. मग मावशी टेबलावर चमचा आपटायची. एकदाच. दुसऱ्यांदा आपटायची वेळ कोणी तिच्यावर आणली नव्हती.

मावशी म्हणजे सगळ्या संघाची मावशी. सख्खी कुणाचीच नाही, पण धाक सख्खीपेक्षा जास्त. कोपऱ्यावर तिचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, आणि बाई अशी की नाकावर माशी बसू देणार नाही. कुणाच्या कोटावर डाग दिसला की आधी त्याला चार शब्द सुनवायची, मग डाग काढून द्यायची. पोरं तिला घाबरायची आणि घरी सांगता येत नाही ते तिलाच येऊन सांगायची.

गेल्या शिबिराहून परत आल्यावर थोड्याच दिवसांत तिची मुलगी गेली. एकुलती एक. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेईपर्यंत पोर बोलत होती, आणि मग बोलली नाही. या वर्षी शिबिर होणार नाही असं सगळ्यांनी मनात धरलंच होतं. पण मावशीने चमचा आपटला आणि म्हणाली, "शिबिर होणार. बस मी सांगून ठेवली आहे. आता मूग गिळून बसू नका, कामं वाटून घ्या."

आधी हजेरी. मावशीला त्यासाठी कागद लागायचा नाही, सगळे तोंडपाठ. आणि या संघाची हजेरीची रीतही जगावेगळी. एका वर्षी शिबिराहून परतताना एक उंच पोरगा, त्याला सगळे जिराफ म्हणायचे, कॅम्पच्या न्हाणीघरातच राहिला. बसमध्ये मागून कोणीतरी गंमत म्हणून त्याच्या आवाजात 'हजर' ओरडलं आणि बस सुटली. अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं. जिराफ कॅम्पच्या फाटकाशी साबण हातात घेऊन उभा. त्या दिवसापासून मावशीने कानाला खडा लावला. स्वतःची हजेरी स्वतः द्यायची नाही, ती जोडीदाराने द्यायची. आणि जोडीदाराला आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही. जो खोटं बोलेल तो शिबिरातली सगळी भांडी घासेल. जोडी एकदा लागली की लागली. एकाच बाकावर जेवायचं, एकाच दुमजली पलंगावर झोपायचं आणि एकमेकांवर नजर ठेवायची.

"जिराफ," मावशी म्हणाली.

"आहे," डॉक्टर म्हणाला. हा काही डॉक्टर नव्हता, खिशात कायम पोटदुखीच्या गोळ्या असायच्या म्हणून डॉक्टर.

"डॉक्टर."

"आहे, दुर्दैवाने," जिराफ म्हणाला.

अशा जोड्या होत गेल्या. शेवटी नवी. तिच्या घरचे नुकतेच इथे राहायला आले होते आणि तिला अजून जोडी नव्हती, म्हणून तिची हजेरी तूर्तास चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, द्यायचे. त्यांनी ती दिली. मग मावशी जरा थांबली, हॉलच्या मागच्या दाराकडे बघत राहिली, आणि चमचा खाली ठेवून म्हणाली, "चला, कामाचं बोला."

कामं वाटली गेली. बसच्या टपावर सामान चढवायला जिराफ, त्याला शिडी लागत नाही. औषधांची पेटी डॉक्टरकडे. मोबाईल पहिल्या संध्याकाळी टोपलीत जमा करायचे, यावर बरीच रडारड झाली आणि मावशीने ती ऐकून घेतली नाही. शेकोटीची लाकडं कॅम्पवाले देतात, पण ती गेल्या वर्षी ओली निघाली होती, तेव्हा आपली थोडी न्यायची. पाळक तरुण होते, हळू बोलायचे. ते म्हणाले की बायबल अभ्यासाचा विषय त्यांनी 'थकलेल्यांसाठी विसावा' असा ठरवला आहे. जिराफ म्हणाला, मग अभ्यास झोपूनच करू. सगळे हसले. पेंगही हसली.

पेंग म्हणजे खिडकीजवळ बसलेली बारीकशी मुलगी. कुठेही, कशालाही टेकून झोपू शकायची, म्हणून पेंग. मावशीच्या मुलीचं नाव संघात भोपू होतं, कारण तिचा आवाज. भोपू आणि पेंग ही जोडी. एकीने जगाला उठवायचं, दुसरीने उठायचं नाही. दर हजेरीच्या शेवटी, सगळे मोजून झाले की भोपू मागून ओरडायची, "आणि आई आहे!" कारण मावशीला जोडीदार कोणी नव्हता, तिची हजेरी तिची लेकच द्यायची. बाकीचे कानावर हात ठेवायचे. मावशी डोळे वटारायची आणि आतून फुलायची.

"आता पलंगांचं," पाळक म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. "मावशी, माझ्या मनात असं होतं, की नवीला जोडी हवी आहे. आणि पेंगही..."

"पेंगला जोडी आहे," मावशी म्हणाली.

हॉलमध्ये कोणी कप ठेवला त्याचाही आवाज झाला.

"जोडी मोडायची नाही, हा नियम मी केला आहे आणि तो मीच मोडणार नाही. पेंग खालच्या पलंगावर, खिडकीजवळ, दर वर्षीसारखी. वरचा पलंग रिकामा राहील. त्याने कॅम्पवाल्यांचं काही बिघडत नाही. नवीजवळ मी झोपेन. झालं."

एक घाव, दोन तुकडे. पाळकांनी मान खाली घातली. नवी बिचारी बांगडीशी चाळा करत बसली, तिला काय माहीत आपण कुणाच्या जागेवर पाय ठेवत होतो. पेंग उठली. तिने सगळ्यांचे कप गोळा केले आणि धुवायला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंग दुकानात आली. मावशी काउंटरमागे कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचत होती. मागच्या दांडीवर प्लॅस्टिकच्या पिशव्यांतले कोट ओळीने लटकत होते आणि सगळ्यात शेवटी एक पिवळं जॅकेट. त्याला चिठ्ठी नव्हती. ते भोपूचं, शिबिराहून आल्यावर धुवायला टाकलेलं.

"ये," मावशी म्हणाली. "तुझी पांघरुणाची वळकटी आणलीस का? दे, धुऊन ठेवते."

"मावशी, मी शिबिराला येत नाही."

मावशीने टाचणी बाजूला ठेवली. "का?"

"नाही येत."

"घरून नाही म्हणाले?"

"नाही, घरचे जा म्हणतात."

"मग अंगात शिरलंय काय तुझ्या? अख्खं शिबिर मी कोणासाठी ठरवतेय? रात्रीची झोप उडालीय माझी. आमचे हे चर्चची पायरी चढेनासे झालेत, मी एकटी रेटतेय सगळं. आणि तूसुद्धा पाठ फिरवणार? तू? तिची जोडीदार ना गं तू?"

मावशीचा आवाज चढला की भल्याभल्यांची गाळण उडायची. पेंगच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हलली नाही.

"मावशी, तुम्ही माझी हजेरी कधी घेतलीत शेवटची?"

"म्हणजे?"

"भोपू गेल्यापासून दर रविवारी येते मी. एकही चुकवला नाही. तुम्ही जिराफ घेता, डॉक्टर घेता, सगळे घेता. आमची जोडी आली की पुढे जाता. कालही गेलात. नवीचंसुद्धा नाव घेतलंत."

हे खरं होतं. लेकीचं नाव तोंडातून निघणार नाही म्हणून मावशी ती जोडी गाळत होती. डोळे मिटून खड्डा ओलांडावा तशी दर रविवारी ओलांडत होती. आणि त्या खड्ड्यात एक जिवंत पोर उभी होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

"मला वाटलं, पुढच्या रविवारी घ्याल," पेंग म्हणाली. "मग वाटलं, ईस्टरला घ्याल. मावशी, तुम्ही माझ्याकडे बघता ना, तेव्हा आधी माझ्या शेजारी बघता. मग माझ्याकडे. मला कळतं. मला राग नाही. माझीही ती होती. पण त्या रिकाम्या पलंगाखाली मला झोप नाही यायची. आणि मला झोप येणार नाही म्हणजे बघा."

शेवटचं वाक्य तिने हसवायला म्हटलं होतं. कोणी हसलं नाही. मावशीला म्हणायचं होतं, चुकलं माझं, इकडे ये, जवळ ये. पण तिने पुन्हा टाचणी उचलली. एक गिऱ्हाईक आत आलं, पँट दाखवून शाईच्या डागाबद्दल विचारू लागलं. ते जाईपर्यंत पेंग निघून गेली होती.

त्या दिवशी मावशीने दुकान लवकर बंद केलं. मग आतून कडी लावून ती पिवळ्या जॅकेटसमोर स्टुलावर बसली आणि रडली. अशी ती वर्षभरात रडली नव्हती. अंत्यविधीलासुद्धा ती लोकांना खुर्च्या लावून देत होती. संध्याकाळी डोळे धुऊन तिने पेंगच्या घरी फोन केला. पेंगच्या आईने उचलला. मावशी एवढंच म्हणाली, "तिला सांगा, शनिवारी सकाळी बसशी हजेरी आहे. तिची घ्यायची आहे."

शनिवारी सकाळी बस चर्चच्या अंगणात उभी होती. जिराफ टपावर, खालून वळकट्या फेकल्या जात होत्या, आणि कोणाची तरी गिटार कोणाच्या तरी डोक्याला लागली होती. पाळकांनी प्रार्थना केली, पोरं बसमध्ये चढली. पेंग शेवटी आली. बॅग होती पाठीवर, पण बसची पायरी ती चढली नाही. दाराशी खालीच उभी राहिली, अजून काही ठरलं नसल्यासारखी.

मावशी बसच्या दारात उभी राहून हजेरी घेऊ लागली. जिराफ, आहे. डॉक्टर, आहे. जोड्या पुढे सरकत गेल्या. मग ती जोडी आली. मावशीने बसचा दांडा धरला.

"भोपू," ती म्हणाली.

वर्षभरानंतर ते नाव तिच्या तोंडून निघालं, आणि निघताना मध्येच फाटलं. ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं. कोणी कोणाकडे बघेना. हजेरी जोडीदाराने द्यायची होती, दुसऱ्या कोणाला तो हक्क नव्हता. आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोलायचं नव्हतं. पेंगने बघितलं होतं. त्या दिवशी दवाखान्यात भोपूचा एक हात मावशीच्या हातात होता आणि दुसरा पेंगच्या.

"नाही," पेंग म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या बाकापर्यंत गेला. "भोपू नाही, मावशी."

मावशीने होकारार्थी मान हलवली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाळकांनी थडग्याशी सांगितलं होतं, नवऱ्याने भिंतीकडे तोंड करून सांगितलं होतं. तेव्हा तिने ते मानलं नव्हतं. पण आपल्या हजेरीत कोणी खोटं बोलत नाही, हे ती स्वतः जाणून होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"पेंग," ती म्हणाली.

आता याला उत्तर कोणी द्यायचं? पेंग खाली मान घालून पायरीशी उभी. मावशीने आत वळून नवीकडे पाहिलं. "नवी, उठ. दाराशी ये. नीट बघ. आहे का ती?"

नवी धडपडत पुढे आली. तिने दारातून वाकून पेंगकडे पाहिलं, अगदी खालपासून वरपर्यंत, परीक्षेला बसल्यासारखं.

"आहे," ती म्हणाली.

"नवी."

पेंगने बॅगेचा पट्टा वर ओढला. "आहे," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. जाता जाता तिचा हात मावशीच्या हाताला लागला. मावशीने तो घट्ट धरला आणि मग सोडला. दोघी मुली खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या.

हजेरी संपली होती. मावशी तरी दारातच उभी राहिली. दर रविवारी आपण हजेरी संपल्यावर मागच्या दाराकडे बघत कशासाठी थांबतो, हे तिला आता कळलं. ती त्या ओरडण्यासाठी थांबत होती.

पेंगलाही ते कळलं. ती बाकावरून अर्धी उठली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको, बाळा. पेंग खाली बसली.

"सगळे आले का?" ड्रायव्हरने विचारलं.

"यायचे होते ते आले," मावशी म्हणाली. "चला."

ती पुढच्या एकट्या सीटवर जाऊन बसली. बस अंगणातून वळून रस्त्याला लागली. मागे कोणीतरी गाणं सुरू केलं, आधी हळू, मग जरा मोठ्याने. मावशीने पिशवीतून पिवळं जॅकेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड केलं. ती होती. पण 'आई आहे' हे मागून ओरडून सांगणारं आता कोणी नव्हतं.