नेदाचे डोळे

मित्रांनो, मी एक जुनी स्लाइड आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली, तुमच्या दोन बोटांत मावेन एवढी. बल्गेरियातल्या एका डोंगरगावात, साठ वर्षांपूर्वीच्या ईस्टरला स्तामेनने कॅमेऱ्याची कळ दाबली आणि मी जन्मले. त्याची बायको नेदा अंगणात उभी होती. हातात वर्षातलं पहिलं लाल रंगवलेलं अंडं होतं आणि ती थेट माझ्याकडे बघत होती.

पुढच्याच हिवाळ्यात नेदा गेली. मुलं लहान होती, यांका आणि दोब्री. तेव्हापासून दर ईस्टरला जेवणं झाली की खिडक्यांवर घोंगड्या टांगायच्या आणि भिंतीवर स्लाइड बघायच्या, असा पायंडा पडला. बाकीच्या झरझर जात. माझ्यापाशी सगळे थांबत. "आईसमोर लढवू या," म्हणत एकेक जण पुढे येई आणि आपलं अंडं दुसऱ्याच्या अंड्यावर आपटे. ज्याचं फुटणार नाही त्याचं वर्ष चांगलं. शेवटच्या जोडीचा निकाल लागेपर्यंत माझ्यामागे प्रोजेक्टरचा दिवा जळत राही. घरात माणसं वाढली, तशी अंडीही वाढली. मला त्या मानाचं फार कौतुक होतं. त्या उष्ण उजेडात माझे रंग विरत होते, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा यांकाच्या नातीची, रालित्साची मुलगी वर्षाची झाली.

"हिचे डोळे आमच्या आईचेच. हिरवे," यांका म्हणाली.

"आईचे तपकिरी होते, ताई. तुला चष्मा तेव्हाच लागायला हवा होता," दोब्री म्हणाला.

"तू सहा वर्षांचा होतास. तुला अंड्यांशिवाय काय दिसत होतं?"

शेवटी यांकाने नातीला सांगितलं, "बाळाच्या फोटोला माझ्या आईच्या फोटोचे रंग दे. मग दोन्ही शेजारी ठेवून डोळे ताडून बघू."

रालित्साने मला संगणकात उतरवलं आणि बाळाचा फोटो माझ्याबरहुकूम रंगवला.

"बाळाला गोवर झालाय का गं?" दोब्रीने विचारलं.

"तुमच्याच स्लाइडचे रंग आहेत, आजोबा."

"माझी आई अशी गुलाबी नव्हती," यांका म्हणाली. देवाच्या तसबिरीपाशी ठेवलेलं यंदाचं पहिलं अंडं तिने आणलं आणि पडद्याला लावून धरलं. "आई अशाच पुडीतला रंग वापरायची. आधी तिच्या हातातलं अंडं असं लाल कर."

रालित्सा दुपारभर बसली. अंडं लाल झालं. नेदाचे गाल गव्हाळ झाले, अंगणातलं गवतसुद्धा हिरवं झालं. डोळे मात्र राखेसारखे राहिले.

"तिथे रंगच उरला नाहीये, आजी. मला हाताने भरावा लागेल. कोणता भरू?"



"ताई, तू म्हणशील तो," दोब्री हळूच म्हणाला.

यांकाने बाळाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "नको. मलाही आता नक्की आठवत नाही."

मित्रांनो, मला आठवतं. कडेने हिरवे, आणि बाहुलीभोवती मधासारखी तपकिरी कडा. दोघंही खरंच बोलत होती. बाळाचेही अगदी तसेच आहेत, पण मी हे कोणाला दाखवू शकत नाही.

तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल, तर दिव्यासमोर फार वेळ धरू नका. रंग शाबूत आहेत तोवर त्याची नक्कल करून ठेवा. आणि घरातल्या माणसांचे डोळे एकदा जवळून, नीट बघून घ्या.