खळ्यावरचं कोरियन गवत

पोत्यातून गवताच्या सहाशे बारा गड्ड्या निघाल्या. प्रत्येक गड्डी साधारण दोन इंचांची, मुळाशी ओल्या गोणपाटाची पट्टी. पुण्याहून एस.टी.च्या टपावर उन्हात आल्यामुळे बेचाळीस वाळून गेल्या होत्या. उरल्या पाचशे सत्तर. अंगण बावीस फूट बाय अठरा फूट. दर दहा इंचांवर एक गड्डी लावली, तर पाचशे सत्तर गड्ड्यांत ते नेमकं भरत होतं. या सगळ्या प्रकरणात नीट जमलेली ही एकच गोष्ट.

गवत माझ्या चुलत्यांचं. लालासाहेब तात्या, निवृत्त सुभेदार, पलूसजवळ बारा एकर ऊस. १९७४चा नोव्हेंबर होता. मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन घरी बसलो होतो, म्हणून गड्ड्या मोजायचं काम माझ्याकडे आलं. मत मात्र कोणी विचारलं नाही.

पलटणीतल्या ऑफिसर मेसपुढे हिरवळ होती. तिच्यावर खुर्च्या पडत त्या साहेबांच्या. तात्यांनी सव्वीस वर्षं त्या हिरवळीच्या कडेला उभं राहून सलाम ठोकला. गवताला पाय म्हणून लागला नाही. आता त्यांचे त्या वेळचे मेजर, सध्याचे कर्नल, जानेवारीत सांगलीला लग्नाला येणार होते आणि वाटेत चहाला थांबतो म्हणाले होते.

"हिरवळीवर दोन खुर्च्या टाकायच्या," तात्यांनी गावभर सांगितलं. "एकीवर साहेब, एकीवर मी. बास!"

दाढी करताकरता न्हाव्यालाही सांगितलं. त्यानंतर आणखी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

"तात्या, हे झोयसिया," मी म्हणालो. "उन्हाळी गवत आहे. उकाड्यात वाढतं, तेही सावकाश. थंडीत लावाल तर जानेवारीपर्यंत हलणार नाही."

"कोरियन गवत हाय न्हवं?"

"हो."

"कोरियात बर्फ पडतंय. आन् तू म्हनतोस, ह्येला थंडी सोसत न्हाई?"

"सोसतं. झोपून सोसतं."

"झोपून? माज्या आवारात?" तात्या हसले. "त्या पुन्याच्या नर्सरीवाल्यानं सांगितलंय, पंधरा दिसांत गालिचा. आन् त्येच्या अंगात खाकी चड्डी हुती, तुज्यासारखा पायजमा न्हाई."

हा पुरावा मला खोडता आला नाही.

तात्या दोन दिवस विट्याला गेले. जाताना गड्याला, हरिबाला, बजावून गेले, "अंगन सपाट पायजे. परेड ग्राउंडागत टनक." मीही त्या दोन दिवसांत सांगलीला होतो. हरिबाला सपाट आणि टणक अशी एकच जमीन ठाऊक होती, खळ्याची. त्यानं पाणी मारलं, धुम्मसानं चोपलं, बैलांची जोडी गोल गोल फिरवली आणि वर शेणाचा सडा देऊन सारवून टाकलं. सुगीला दोन महिने असताना गावातलं सगळ्यांत देखणं खळं आमच्या दारात तयार झालं. मी परत आल्यावर त्यात चार इंची खिळा हातोडीनं ठोकला. अर्धा इंच गेला आणि वाकला.

"मुळं कुठं जाणार?" मी विचारलं.

तात्यांनी खळ्यावर आठ आण्याचं नाणं टाकलं. ते खणखणलं. "शाबास हरिबा," तात्या म्हणाले.

मग पहारीनं पाचशे सत्तर भोकं पाडली. दोरी लावून रांगा धरल्या. एखादी गड्डी बोटभर पुढं सरकली की तात्या तिच्यावर ओरडत. मी त्यांच्या मागून फूटपट्टी घेऊन फिरलो. रांगा खरोखरच चुकल्या नव्हत्या.

डिसेंबरात पहाटेचं तापमान अकरा अंशांवर उतरलं आणि गवत पिवळं पडलं. तात्यांनी उसाच्या हिशेबानं युरिया दिला. दीडशेच्या वर गड्ड्या करपल्या. उरलेल्या शेणाच्या पापुद्र्यात टक्कल पडलेल्या डोक्यावरच्या केसांसारख्या उभ्या होत्या. तात्या रोज सकाळी त्यांची पाहणी करीत आणि दम भरीत. गवतावर परिणाम झाला नाही.

तोडगा काढला रंगूबाई काकींनी. "नवरात्रात घट कसा येतोय? नऊ दिसांत वीतभर. वर काळी माती वता, गहू टाका."

"काकी, गहू म्हणजे लॉन नव्हे."

"साहेब काय चरून बगनार हाय व्हय?"

घरात यावर दुसरं शास्त्र नव्हतं. खळ्यावर दोन इंच काळी माती पडली आणि तिच्यात भिजवलेला गहू. साहेब यायच्या दिवशी अंगण हिरवंगार होतं. हरिबानं विळ्यानं शेंडे सारखे केले. शेजारच्या हरणाबाई कुडापाशी येऊन बराच वेळ पाहत राहिल्या.

"आवं सुभेदार," त्या म्हणाल्या, "लोकं खळ्यावर गहू मळत्यात. तुमी पेरलासा!"

"कोरियन हाय त्ये," तात्या म्हणाले.

जीप आली. तात्या कोट, मेडल आणि चकचकीत बूट घालून उभे. गहू आणि गवत यांतला फरक ज्याला शेवटपर्यंत कळू नये असा माणूस शोधून काढायचा असता, तर मी याच साहेबांना निवडलं असतं.

"बढ़िया लॉन है, सुभेदार साब! कोरियन?"

"जी साब!"

"हमारा माली तो गधा है. उसको यहाँ भेजना पड़ेगा."

"जी साब!"

गावातल्या मांडववाल्याकडून मागून आणलेल्या दोन लोखंडी खुर्च्या मधोमध मांडल्या होत्या. साहेब एकीत बसले. खुर्ची मातीत रुतली. साहेबांनी चिवड्याच्या बशीकडे पाहत दुसऱ्या खुर्चीच्या दिशेनं हात केला. "बैठिए, बैठिए."

"जी साब," तात्या म्हणाले.

साहेबांनी दोन कप चहा घेतला. गुडघ्यांचं सांगितलं, अमेरिकेतल्या मुलाचं सांगितलं, सांगलीच्या रस्त्यांना शिव्या दिल्या. काकी दारातून तात्यांना डोळ्यांनी खुर्ची दाखवत होत्या. मीही एकदा खोकलो. "साखर और, साब?" तात्यांनी विचारलं. तात्या होते ते अंगणाच्या कडेला, गहू संपून नुसती ओली माती उरली होती तिथं. साहेब उठले, तात्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि जीप सांगलीकडे गेली.

हरणाबाई कुडापाशी होत्याच. "मग? बसला का न्हाई सायबासंगट?"

"बसलो की," तात्या म्हणाले. "लय निवांत बसलो."

ते कोट काढायला आत गेले. मी फूटपट्टी आणि कोनमापक घेऊन अंगणात उतरलो. साहेबांच्या खुर्चीचे पाय मातीत दीड इंच रुतले होते, दुसऱ्या खुर्चीचे पाव इंच. कडेच्या मातीत बुटांचे दोन ठसे होते. टाचा एकमेकींना चिकटलेल्या. चवड्यांमधला कोन तीस अंश.