एकट्याचा गट

आमच्या यांना क्लबात 'कानसेन' म्हणतात, आणि यांचा डावा कान ठार बहिरा आहे. उजवाही अर्ध्यावर आलाय. ही गोष्ट कानाचा डॉक्टर आणि मी सोडून कुणालाच ठाऊक नव्हती. दीड वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसले होते, कारण यांची नोकरी कानावर चालते. हे छापखान्यातली यंत्रं दुरुस्त करतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि काय बिघडलंय ते सांगायचं. सुपरवायझर म्हणतात, या कानामुळे बाहेरचा मेकॅनिक बोलवावा लागत नाही. आणि हेच सुपरवायझर हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबाचे सेक्रेटरी! म्हणजे कुठूनही गेलं तरी गाठ त्यांच्याशीच.

वर्षातून एकदा क्लबाची स्पर्धा असते. चोवीस तासांत रेडिओवरून जास्तीत जास्त स्टेशनं गाठायची. समोरच्याचा कॉलसाइन, म्हणजे त्याच्या स्टेशनचं अक्षर-आकड्यांचं नाव, आणि तो सांगेल तो नंबर नीट ऐकून लॉगमध्ये, त्या नोंदींच्या यादीत, लिहायचा. एक अक्षर चुकलं की गेले गुण. हे 'एकट्याच्या गटा'त उतरतात. आठ वर्षं यांनी पहिला नंबर सोडला नव्हता.

यंदा स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले. रेडिओची खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. दार आत उघडतं आणि खुर्चीला अडतं, त्यामुळे एकदा आत शिरलं की हे उठल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. आणि स्पर्धेत हे उठतात कुठले! बसले खोक्यावर. हेडफोननं कान ठणकतो म्हणून यांनी स्पीकर लावलेला. "पुन्हा सांगा, पुन्हा सांगा" चाललं होतं. चारदा विचारून झालं. तो बिचारा पलीकडून घसा फोडतोय, मला लख्ख ऐकू येतंय, आणि यांची पेन्सिल हवेतच. माझं डोकंच फिरलं. पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून हेच 'ए'चा अल्फा, 'बी'चा ब्राव्हो ऐकत भाज्या चिरल्यात मी!

"अहो, शेवटचं अक्षर झुलू! नंबर एकशे बारा!"

यांनी वळून पाहिलं. मला वाटलं, आता खेकसतील. पण यांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. पुढचा आला, तोही मीच सांगितला. स्पर्धा संपेपर्यंत एक्केचाळीस झाले. पाठीचा पार काटा ढिला झाला, पण खरं सांगू? मजा आली. लग्नानंतर इतका वेळ आम्ही दोघं एका कामाला कधी बसलोच नव्हतो.

लॉग पाच दिवसांत पाठवायचा असतो. चार दिवस हे नुसते त्याच्यासमोर बसून. जेवायला हाक मारली तर येत, जेवत आणि पुन्हा त्या खोलीत जाऊन बसत. चौथ्या दिवशी मी दारातच ठाण मांडलं. "पाठवा ना एकदाचा!"

"एकट्याच्या गटात दुसऱ्याचा कान चालत नाही," हे म्हणाले. "नियम आहे."

"मग ते एक्केचाळीस खोडून टाका."

"खोडले तर समोरच्यांचे गुण जातात. त्यांच्या लॉगमध्ये मी आहे आणि माझ्या लॉगमध्ये ते नाहीत, म्हणजे खोटे ते ठरतात. त्यांनी काय माझं घोडं मारलंय?"

"मग राहू द्या तसंच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"तुमच्या कळण्यानं चूल पेटणार आहे का? उद्या कानाचं बाहेर आलं आणि नोकरी गेली, तर नियम वाटून खायचे आपण?"

हे पुन्हा लॉगकडे वळले. मी चिडले होते. नियमांवर, यांच्यावर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. कुठून अवदसा आठवली आणि त्या दिवशी तोंड उघडलं! गप्प बसले असते तर हे फार तर दुसरे आले असते. आता पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही.

पाचव्या दिवशी यांनी लॉग पाठवला. कसा, ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाठ टेकते न टेकते तोच फोन वाजला. फोन मीच उचलते. लोकांना वाटतं, बायको फार नाक खुपसते. वाटू दे.

"वहिनी, त्यांच्या लॉगमध्ये काहीतरी गोंधळ झालाय," सुपरवायझर म्हणाले. "अनेकांच्या गटात पाठवलाय. ऑपरेटर दोन, आणि दुसरं नाव चक्क तुमचं! टाइप करताना चुकलं असणार. मुदतीला अजून अर्धा तास आहे, मी इथूनच बदलतो. तुम्ही नुसतं हो म्हणा. नाहीतर त्या गटात सहा-सहा जणांची पलटण असते, शेवटचा नंबर येईल त्यांचा."

हे समोरच बसले होते, माझ्या ओठांकडे बघत. "कोण आहे?"

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. तेवढं म्हटलं की नोकरी शाबूत, नववा पहिला नंबर घरात. पण मग मी पुन्हा त्या कुलपामागे. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच खोक्यावर बसायचं, आणि तेही चोरून. यांनी मात्र न विचारता, न सांगता माझं नाव लिहून टाकलं होतं. ते मी माझ्याच तोंडानं चूक म्हणून खोडायचं?

"चूक नाही, भाऊजी," मी म्हणाले. "यांना डाव्या कानानं ऐकूच येत नाही. दीड वर्ष झालं. ते एक्केचाळीस मी ऐकलेत."

सुपरवायझर म्हणाले, "उद्या त्यांना आधी माझ्याकडे यायला सांगा. मशीनकडे नको."

मी फोन ठेवला. यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले आणि अक्षर न् अक्षर सांगितलं, मशीनकडे नको म्हणाले तेसुद्धा. वाटलं, हे आता मला कधी माफ करणार नाहीत.

यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"उद्या तूही चल," हे म्हणाले. "तो काय बोलेल, ते मला एकट्याला नीट ऐकू येणार नाही."