माझ्या हातची लिलीची शाल

"आजी, तुम्ही विणलेली एक तरी शाल तुम्ही स्वतः कधी पांघरलीय का?"

विचारलं बाई एकदाचं! दाराबाहेर माझ्या मैत्रिणी, मारित आणि त्रीनू, खिदळत होत्या. "तू? आणि लैदाआजींना विचारणार? विचारून दाखवच!" असं त्यांनीच मला डिवचलं होतं. त्यांचंही बरोबरच होतं. आम्हाला विणकाम शिकवणाऱ्या या आजी शालीवरून नुसतं बोट फिरवून चूक काढतात. आमच्या हापसालू गावातल्या भल्याभल्या विणकरणी त्यांना टरकतात.

आम्ही माझी ओली शाल लाकडी चौकटीवर ताणत होतो. माझी पहिलीवहिली! अंगभर लिलीची फुलं, प्रत्येक कळी म्हणजे लोकरीचा इवलासा गोळा. आणि आईने ती मला न विचारताच एका फिनिश बाईंना विकायचं कबूल करून टाकलेलं.

काठाचं टोक खिळ्यात अडकवता अडकवता आजी थांबल्या. "एकदाच. आमच्या वेळी चांगली शाल विकायला जायची आणि बिघडलेली घरात राहायची. मला तर नाचाला जायचं होतं. मग काय, मधोमध एका कळीचे टाके मुद्दाम गाळले."

"आणि कुणाला कळलंच नाही?"

"आईला कळणार नाही होय? म्हणाली, एवढी ढोबळ चूक तुझ्या हातून होणं शक्य नाही. पण दिली हो. नाचले पोटभर, फक्त एक हात सारखा त्या भोकावर!" आजी स्वतःच फिसकन हसल्या.

"केर्तू, ऐकलंस ना?" बाहेरून मारित ओरडली. "ओढ की एक धागा!"

"हात तर लावून बघ धाग्याला!" आजी गरजल्या.

मी कशाला लावतेय? खिडकीच्या उजेडात शाल चौकटीवर तट्ट ताणलेली उभी होती, जाळी न् जाळी मोकळी, कळ्या टपोऱ्या. हे मी केलंय? मी? मला तर नाचावंसंच वाटलं.

घरी पोचले तेव्हा बाबा काळ्या पावावर मासे रचत होते, आई सूप वाढत होती.

"बस आधी, गार होतंय," आई म्हणाली.

"उभ्यानेच सांगते. त्या फिनिश बाईंना मी दुसरी विणून देईन, अगदी अश्शीच. त्यांना कळवायचं कामही माझं. ही मात्र मी ठेवणार, आणि शनिवारी शाळेच्या नाचाला हीच पांघरून जाणार."