बकुळनं खाल्लेली दालमोठ

बिंदुमाधवराव दातारांचा रक्तदाब एकशेऐंशीवर गेला आणि त्याच दिवशी त्यांच्या घरातलं सगळं चमचमीत हद्दपार झालं. त्यांच्या पत्नी शरदिनीबाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. बाईंनी ते शून्यावर आणलं. शेव, लसणाचा चिवडा, लोणच्याची बरणी, सगळं शेजारपाजारी वाटून टाकलं. बिंदुमाधवराव रेल्वेत गार्ड होते. उभी नोकरी त्यांनी दालमोठेच्या, म्हणजे तळलेल्या मसूर-शेवेच्या, पुड्या फस्त करत काढली होती. आता त्यांच्या ताटात दोन्ही वेळ अळणी दुधी पडू लागला.

घरात खारं म्हणून उरलं ते एका डब्यात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी केलेल्या चकल्या आणि पाहुण्यांसाठी राखलेली दालमोठ. हा डबा बाईंनी कपाटावर चढवला. बिंदुमाधवरावांनी तिसऱ्याच दिवशी स्टूल लावलं.

चोरी उघडकीला यायला आठवडाही लागला नाही.

"अहो, दालमोठ निम्मी झाली. कोणी खाल्ली?"

बिंदुमाधवराव पेपर वाचत होते. कपाटावर बकुळ बसली होती. ही त्यांची राखाडी पट्ट्यांची मांजर. दोन वर्षांपूर्वी बनारसच्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर भिजलेली सापडली आणि मग घरचीच झाली. ती डब्याशेजारी बसून निवांतपणे पंजा चाटत होती. अशी संधी माणसाला रोज मिळत नाही.

"कोणी म्हणजे? ती बघ ना. चाटतेय अजून."

"बकुळनं दालमोठ खाल्ली?"

"बनारसची मांजर आहे. खाणारच."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मग मांजरीकडे पाहिलं आणि आत गेल्या. बिंदुमाधवरावांना वाटलं, जिंकलो.

त्यानंतर बकुळची भूक भलतीच वाढली. चकल्या तिनं खाल्ल्या. खाटेखाली तेलकट कागद सापडला, तो तिनंच ओढून आणला. पाहुण्यांसाठी गल्लीच्या तोंडावरच्या पकौडीवाल्याकडून आणलेल्या कांद्याच्या पकौड्या ओट्यावरून पळवल्या, त्याही तिनंच. खटला पक्का व्हावा म्हणून बिंदुमाधवराव बाहेरून चोरून आणलेल्या लसणाच्या शेवेचा चुरा तिच्या बशीत भुरभुरू लागले. एकदा तर त्यांनी पकौडीनं तेलकट झालेलं बोट तिच्या नाकाशी नेलं. बकुळनं ते दोनदा चाटलं, शिंकली आणि शेपटी वर करून निघून गेली. पण पुरावा तयार झाला होता.

एका सकाळी ते आंघोळ करून आले, तर दारात झाकणाची टोपली. आतून म्याव ऐकू आलं.

"कपडे घाला," शरदिनीबाई म्हणाल्या. "मैदागिनला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, फोन केलाय मी. बकुळ सकाळी ओकली."

"मांजरं ओकतातच."

"दालमोठ खाणारी जास्त ओकत असतील. चला."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. त्यांनी बकुळला टेबलावर घेतलं, वजन केलं. तीन किलो. मग विचारलं, "क्या-क्या खाती है?"

बाई वर्गात उजळणी घ्यावी तशा सांगू लागल्या. "पंद्रह दिन में पाव किलो दालमोठ. चार चकली. लहसुनवाली सेव. और प्याज की पकौडी, तीन बार."

डॉक्टरीणबाईंचा हात मांजरीच्या पाठीवर थबकला.

"प्याज? तीन बार?"

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. माणसाच्या फराळात मांजरीच्या कामाचं काही नसतं. मीठ तिच्या इवल्या शरीराला झेपत नाही, तेल-मिरची पोट बिघडवते, चिवड्यातले मनुकेही देऊ नयेत आणि चॉकलेट तर मुळीच नाही. पण या सगळ्यांत वाईट कांदा आणि लसूण. कच्चा, तळलेला, वाळलेला, मसाल्यातला, कसाही. त्यानं मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि हे लगेच दिसतही नाही, चार-सहा दिवसांनी ती अचानक गळून जाते.

"इतना खाकर ये खड़ी कैसे है, यही ताज्जुब है," त्या म्हणाल्या. "खून जाँचना पड़ेगा. दो दिन यहीं रखूँगी, सलाइन पर."

बिंदुमाधवराव टेबलाजवळ सरकले. "इतना किसलिए? इसने... इसने प्याज निकालकर खाया होगा."

"पकौडी में से?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हुशार आहे फार," ते पुटपुटले. शरदिनीबाई भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या.

केस कापायचं यंत्र घुर्रर्र करू लागलं. बकुळच्या पुढच्या पायावरचे केस काढायला डॉक्टरीणबाई वाकल्या. बाजूला सुई तयार होती. बकुळ अंग चोरून बिंदुमाधवरावांच्या सदऱ्यात शिरू पाहत होती. साऱ्या जगात तिला सुरक्षित वाटलेली जागा म्हणजे नेमकी त्यांचीच काख.

"थांबा!" ते ओरडले. "मी खाल्लं! रुकिए. मैंने खाया है."

"आपने?"

"सब. दालमोठ, पकौडी, सेव. चकल्या तीन."

"चार," शरदिनीबाई म्हणाल्या.

"तीनच! आता खोटं कशाला बोलू?"

डॉक्टरीणबाईंनी यंत्र बंद केलं. त्यांचे ओठ थरथरत होते, पण त्यांनी हसू दाबून धरलं. "और इसने? बिलकुल कुछ नहीं?"

इथे मात्र बिंदुमाधवरावांची मान खाली गेली. बशीतल्या चुऱ्याचं सांगितलं, तो तिनं नुसता हुंगून सोडला होता; बोटाचंही सांगितलं. ते सांगताना त्यांना पहिल्यांदाच आपली लाज वाटली. आजवर ही गंमत होती. आपण तिला विष चाटवत होतो, हे मनात आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बकुळच्या हिरड्या पाहिल्या, डोळ्यांच्या कडा पाहिल्या. गुलाबी होत्या. दोन वेळा चाटण्यानं बहुधा काही होणार नाही, त्या म्हणाल्या. पण आठवडाभर लक्ष ठेवा. हिरड्या फिक्या पडल्या, लघवी गडद झाली, ती सुस्तावली, तर लगेच आणा. मग दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "चाचाजी, मैं आदमियों की डॉक्टर नहीं हूँ. पर आप भी जाँच करा लीजिए."

दोघं रिक्षात बसले. टोपली बिंदुमाधवरावांच्या मांडीवर होती.

"तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"डब्याचं झाकण फिरकीचं आहे. खाऊन झाल्यावर परत घट्ट लावणारी मांजर मी पाहिली नाही."

"मग इतके दिवस..."

"तुमचं माहीत होतं हो. तिचं माहीत नव्हतं. बशीत चुरा दिसला, सकाळी ओकली, तेव्हा थेट फोनच लावला." त्यांचा आवाज जरा बदलला. "आणि तुमचीही काळजी होतीच. चोरून खाऊन एखाद दिवशी पडला असतात, तर मी काय मांजरीला विचारणार होते?"

बिंदुमाधवरावांनी टोपलीचं झाकण सारखं केलं. चौकापर्यंत आल्यावर म्हणाले, "पण चकल्या तीनच खाल्ल्या मी."

शरदिनीबाई दुसरीकडे पाहू लागल्या. "बरं. एक मी खाल्ली. अळणी दुधी मलाही जेवावा लागतो."

रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं, इतके दोघं हसले.

आठवडाभर बिंदुमाधवराव सकाळ-संध्याकाळ बकुळच्या हिरड्या तपासत. तिला ते मुळीच आवडलं नाही. त्यांच्या हातावर पाच ओरखडे उमटले. ती ठणठणीत राहिली. त्यांचा रक्तदाबही महिनाभरात एकशेचाळीसवर आला. मग मोठ्या डॉक्टरांना विचारून बाईंनी रविवारी दोन पकौड्यांची मुभा दिली, त्याही समोर बसून खायच्या.

पहिल्या रविवारी ते खिडकीशी बशी घेऊन बसले. चोरीतला अर्धा स्वाद गेला होता, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. वास घेत बकुळ आली, गुडघ्यावर पंजा ठेवून मान उंचावली. त्यांनी बशी डोक्याएवढी वर धरली.

"तुला नाही गं बाई. कांदा आहे."