‘कशासाठी हवे’ या रकान्यातली मुलगी

मित्रांनो, मी एक जुनी मागणी वही आहे. कल्याणातल्या एका वाचनालयाची. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण नाव सांगून आजवर कुणाचं काही वाकडं झालेलं मी पाहिलेलं नाही. मागणी वही म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. त्यात तुमची चूक नाही. आम्हाला दाखवतंच कोण?

ऐका तर. तुम्हाला हवं ते पुस्तक वाचनालयात नसलं, तर ते माझ्यात लिहायचं. महिन्याच्या शेवटी पुस्तक निवड समितीने मला उघडायचं, लोकांनी काय मागितलंय ते वाचायचं आणि नवी पुस्तकं आणताना आधी त्यांचा विचार करायचा. एवढंच माझं काम. गोष्टीच्या पुस्तकांसाठी लोक फारसे अडत नाहीत, हाताला लागेल ती नेतात. माझ्यात येत ती शिकायची आणि कामाची पुस्तकं. ज्यांच्यावाचून कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असतं, ती.

माझा जन्म ठाण्यातला. खोपटच्या एसटी डेपोमागे कुंडलिक नावाचा एक बाइंडर होता. पुठ्ठे, खळ आणि सुताच्या रिळांमध्ये बसलेला असायचा. मला बनवून घ्यायला आमच्या ग्रंथपाल उत्तराबाई स्वतः त्याच्याकडे गेल्या होत्या.

“कुंडलिकराव, सहा रकाने आखा,” बाई म्हणाल्या. “क्रमांक, तारीख, वाचकाचं नाव, हवे असलेले पुस्तक, कशासाठी हवे, आणि शेवटी समितीचा निर्णय.”

“कशासाठी हवे, हे कशाला? पुस्तक मागायला पण कारण द्यायचं का लोकांनी?”

“कारण कळल्याशिवाय मला पुस्तक निवडता येत नाही. मधुमेहाचं पुस्तक डॉक्टरला वेगळं लागतं आणि ज्याच्या आईचा पाय सुजलाय त्याला वेगळं.”

कुंडलिकला ते पटलं. त्याने मोठे ताव मधोमध दुमडून त्यांच्या जुड्या केल्या आणि प्रत्येक जुडी दाभणाने शिवली. शिवताना म्हणाला, “आमच्या बापाला असं लिहून मागता नाय आलं कधी काय. घट्ट शिवतो बाई. दुमडीच्या एका बाजूचं पान कोणी फाडलं ना, तर दुसऱ्या बाजूचं जोडीचं पान पण सुटून हातात येईल त्याच्या.” ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. आता कळलंय.

पहिली काही वर्षं माझी मजेत गेली. मी टेबलावर असायची, दोरीने बांधलेलं पेन सोबत. कुणी लिहिलं, “घरातलं वायरिंग, मराठीत. लायसन्सची परीक्षा आहे.” एका नर्सने लिहिलं, “भाजलेल्या पेशंटची काळजी. वॉर्ड बदललाय.” आठ वर्षांच्या एका मुलाने लिहिलं, “पाल भिंतीवरून का पडत नाही. कशासाठी हवे: बघायचंय.” उत्तराबाई ते समितीत मोठ्याने वाचून दाखवत. कुणी हसलं, की चष्म्यावरून त्याच्याकडे बघत.

पुस्तक निवडायची बाईंची रीत तुम्हाला सांगते, तुमच्या उपयोगी पडेल. कव्हर बघायच्या नाहीत. पुस्तक मधूनच उघडून एक पान वाचायच्या. मग शेवटी सूची आहे का आणि पुस्तक कोणत्या सालचं आहे, ते बघायच्या. मुलांचं पुस्तक असेल तर कुठल्याही मुलाच्या हातात द्यायच्या आणि ते पान उलटतंय का, ते गुपचूप पाहायच्या. कामधंद्याचं असेल तर त्याच धंद्यातल्या माणसाला चार दिवस घरी न्यायला द्यायच्या. आणि शिक्षकांच्या पुस्तकाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, “सोमवारी सकाळी वर्गात जाऊन काय करायचं, ते यात आहे का? नसेल तर परत पाठवा.” अशी परत गेलेली पुष्कळ जाडजूड पुस्तकं मी पाहिली आहेत.

पुढे बाई निवृत्त झाल्या. गुडघे गेले होते, मुलाकडे ठाण्याला राहायला गेल्या. जाताना त्यांनी मला नव्या कार्यवाहांच्या, म्हणजे गुरुदत्तांच्या, हातात दिलं. “ही आधी उघडत जा, यादी नंतर,” असं सांगितलं. ते म्हणाले, “हो हो, शंभर टक्के.” त्या दिवशी त्यांनी मला बाजूला ठेवलं ते ठेवलंच.

गुरुदत्त वाईट माणूस नाहीत. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. भला माणूस, सगळ्यांशी गोड बोलणारा. फक्त त्यांना पुस्तक निवडायचा कंटाळा. मार्च आला की एक विक्रेता रंगीत यादी घेऊन येतो. ‘बालज्ञान संच’, ‘व्यावसायिक यश संच’, ‘शिक्षक संच’. गुरुदत्त चहा पिता पिता खुणा करतात आणि झाली निवड. त्या संचांतून आमच्याकडे काय काय आलं म्हणून सांगू! बर्फावर घसरत जाण्याचे खेळ, चार प्रती. कल्याणात. यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी तर इतकी पुस्तकं आली, की तेवढी यशस्वी माणसं अख्ख्या तालुक्यात नसतील. आणि शिक्षकांसाठी काय, तर ‘शिक्षणाची बदलती क्षितिजे’ अशा धाटणीचे दीड-दीड किलोचे ठोकळे. सोमवारी सकाळी त्यांचं काय करायचं? दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मध्ये सरकवायचं.

आणि मी? वॉटर फिल्टरचं टेबल डुगडुगत होतं, त्याच्या पायाखाली गेले मी. सहा वर्षं. माझ्या पुठ्ठ्यावर त्या पायाचा गोल वण आहे अजून.

गेल्या वर्षी जूनमध्ये मेघना नावाची एक शिक्षिका आली. आंबिवलीजवळच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गावर होती. काउंटरवर नीरजा बसते, कंत्राटावरची ग्रंथपाल. मेघनाने तिला विचारलं, “मुलांना वाचायला शिकवायचं काही आहे का? म्हणजे, ज्यांना वाचायला जमतच नाही अशा मुलांना.”

नीरजाने तिला शिक्षकांचं कपाट दाखवलं. मेघनाने पाऊण तास एकेक ठोकळा काढला आणि ठेवला. मग म्हणाली, “मागणी वही असते ना तुमच्याकडे? आमच्या कॉलेजच्या गावी होती.”

नीरजाने ओशाळून मला फिल्टरखालून काढलं, ओढणीने पुसलं. मेघनाने लिहिलं. हवे असलेले पुस्तक: अक्षरं ओळखता येतात, पण शब्द वाचता येत नाहीत अशा मुलांना कसं शिकवावं, मराठीत. कशासाठी हवे: वर्गातल्या समृद्धीसाठी. तिला शिकता येत नाही असं नाही. मला शिकवता येत नाहीये.

इतक्या वर्षांत असं कुणी लिहिलं नव्हतं. मास्तर लोक काय लिहितात, मला माहीत आहे. मुलं लक्ष देत नाहीत, पालक लक्ष देत नाहीत. ही बाई सरळ स्वतःकडे बोट दाखवत होती. उत्तराबाई असत्या तर दुसऱ्या दिवशी ठाण्याची, पुण्याची दुकानं पालथी घातली असती.

मेघना सप्टेंबरमध्ये परत आली. या वेळी समृद्धीला घेऊन. दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं, नऊ वर्षांची पोर. मेघना माझ्यात दुसऱ्यांदा लिहीत होती, तोवर समृद्धीने बालज्ञान संचातलं माशांचं पुस्तक उघडलं. पानं उलटली आणि म्हणाली, “टीचर, यात आपल्या नदीतला एक पण मासा नाय.”

“तुला गं काय माहीत?” नीरजाने विचारलं.

“माझा आजा जाळं टाकतो ना. मरळ चिखलात दम धरून राहते. वाम हातातनं सुटते. शिंगटीला काटा असतो, तिला मागनं नाय धरायची, डोक्याकडनं धरायची.” एका दमात तिने दहा-बारा मासे सांगितले. कोण कुठे अंडी घालतं, ते सांगितलं. मग नीरजाने सहज त्या पुस्तकाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हे वाच बघू.”  पोरीने पुस्तक मिटून ते जिथून काढलं होतं तिथे, अगदी सरळ लावून ठेवलं.

“वर्गात तिला ‘ढ’ म्हणतात,” मेघना हळू आवाजात म्हणाली. “मी मोबाईलवर बघते, पण सगळं इंग्लिशमध्ये. अर्धं कळतं, अर्ध्यात मी चुकले तर त्रास तिला. चौथीनंतर आमची शाळा संपते. त्याच्या आत हिला वाचता आलं पाहिजे हो. पुढे कोण थांबणार हिच्यासाठी?”

नीरजा म्हणाली, “मी सरांना सांगते.” तिने सांगितलं, मी साक्षीला होते. गुरुदत्त म्हणाले, “मार्चमध्ये बघू. संचात येईलच काहीतरी.”

जानेवारीत मेघना तिसऱ्यांदा आली. मधल्या काळात माझ्यात दुसऱ्या कुणी काही लिहिलं नव्हतं. तिन्ही मागण्या एकाच पानावर, एकीखाली एक. तिसऱ्यांदा तिने एवढंच लिहिलं: तेच पुस्तक. मुलगी अजून शाळेत आहे.

असं पुस्तक मराठीत होतं का, मला ठाऊक नाही मित्रांनो. ते शोधायचं काम माझं नव्हतं. पण कुणी शोधलंच नाही, हे मला ठाऊक आहे.

मार्चमध्ये वाचनालयाची तपासणी लागली. आणि मग काय माझा मान! मी पुन्हा फिल्टरखालीच होते; मला काढायला गुरुदत्त स्वतः वाकले. “अगं नीरजा, मागणी वही कोरी दिसता कामा नये. आपण जे संच घेतले ना, ते वाचकांनी मागितलेत असं येऊ दे हिच्यात.”

नीरजा दुपारभर बसली. दोन पेनं घेतली, एकदा उजवीकडे कललेलं अक्षर काढलं, एकदा डावीकडे. कुणी हरिहर बर्फावरच्या खेळांचं पुस्तक मागत होते. कुणी शिवराम यशस्वी व्हायचं म्हणत होते. या नावांची माणसं वाचनालयात कधी आलीच नव्हती. ‘कशासाठी हवे’मध्ये सगळीकडे एकच शब्द, ‘ज्ञानवृद्धीसाठी’. मग ती शेवटच्या रकान्याकडे वळली. वरून खाली लिहीत गेली, ‘पुस्तक उपलब्ध करून दिले’. मेघनाच्या पानावर आली तेव्हा तिचा हात थांबला.

“सर, हे तर आणलं नाहीये.”

“लिही गं. मध्येच मोकळं दिसलं तर प्रश्न विचारतील.”

तिने लिहिलं. तीनदा लिहिलं. तिचं कंत्राट वाढवायचं की नाही ते मार्चअखेर सरच ठरवणार होते, मी तिला काय दोष देऊ? पण ती शाई मला टोचली, खोटं कशाला बोलू.

तपासणी अधिकाऱ्यांनी मला उलटसुलट चाळलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर शेरा लिहिला: ‘वाचकांच्या प्रत्येक मागणीची दखल घेणारे आदर्श वाचनालय.’ खाली सही, शिक्का. आयुष्यात मला मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. त्या दिवशी पेढे वाटले. मला काउंटरवर मांडून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला शेरा दाखवायला.

जुलैमध्ये मेघना आली. मी समोरच होते. तिने आपलं पान काढलं आणि वाचत उभी राहिली. मग नीरजाला म्हणाली, “आलं का पुस्तक? मला बघू दे तरी.”

 आतून गुरुदत्त आले. “मॅडम, ते जरा तपासणीपुरतं असतं हो. तुम्ही आता सांगा, लगेच मागवतो.”

“आता नको,” मेघना म्हणाली. “पास झाली ती, सगळेच होतात. नव्या शाळेत पाचवीला गेली. पहिल्याच दिवशी उभं करून धडा वाचायला लावला. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती गेलीच नाही. तिची आई, लक्ष्मी, ठाण्यात कोलशेतला कामाला लागली, तिकडेच खोली घेतलीय. मी जाऊन आले. समृद्धी धाकट्या भावाला सांभाळते. मला म्हणाली, टीचर, मला नाय येत, तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात.”

 मग नीरजा म्हणाली, “मी लिहिलंय ते. तीनही.”

मेघनाने तिच्याकडे बघितलं, पण रागावली नाही. दोरीचं पेन घेतलं आणि तीनही जागी ‘उपलब्ध करून दिले’च्या पुढे लिहिलं, ‘मिळाले नाही’. सही केली, तारीख घातली आणि गेली.

ती जिना उतरायच्या आत गुरुदत्तांनी ते पान धरलं आणि ओढलं. तेव्हा जुडीच्या दुसऱ्या टोकाचं एक पान सरकून बाहेर आलं. शेऱ्याचं पान. सही आणि शिक्क्यासकट. एकाच तावाच्या दोन बाजू होत्या त्या, आणि मधोमध कुंडलिकची शिवण. एक फाडायचं तर दुसरं हातात येणार.  गुरुदत्तांनी हलक्या हाताने दोन्ही आत सारली आणि मला मिटलं.

आता मी कपाटात आहे, कुलपात. काउंटरवर नवीन छापील वही आली आहे. तिच्यात पाचच रकाने आहेत. ‘कशासाठी हवे’ हा रकाना काढून टाकलाय.

मित्रांनो, माझं एक ऐका. वाचनालयात गेलात तर मागणी वही मागा. नाही म्हणाले तर तिथेच बसून राहा. लिहा, आणि महिन्याने जाऊन विचारा, माझ्या पुस्तकाचं काय झालं. रकाना नसला तरी कशासाठी हवं ते समासात लिहा. मेघनासारखं एकट्याने नका जाऊ, चौघे-पाच जण जा. एकट्याला लोक गोड बोलून वाटेला लावतात.

आणि कधी कोलशेतला गेलात, नि एखाद्या सोसायटीच्या फाटकापाशी भावाला कडेवर घेऊन उभी असलेली दोन वेण्यांची पोरगी दिसली, तर तिला पाटीवरचं वाचायला सांगू नका. शिंगटी कुठून धरायची, ते विचारा. ती सांगेल.