जिन्याखालचा चहाडखोर

मित्रांनो, कुणी गोड बोलत जवळ आलं की मी आधी विचारतो, किती व्होल्टचा? मी रिले आहे, म्हणजे विजेवर चालणारा खटका. वय झालंय माझं. अंग काड्यापेटीएवढं, झाकण पिवळं पडलेलं. इंग्लंडातल्या हॅलिफॅक्स गावात रांगेतल्या एका दगडी घरात, जिन्याखालच्या कपाटात, बूटपॉलिशच्या डब्यांशेजारी मी भिंतीवर बसवलेला आहे. माझा धंदाच संशयाचा. माझ्या डाव्या अंगाला घराचा दोनशे तीस व्होल्टचा करंट येतो आणि उजव्या अंगाला घर ऊबदार ठेवणाऱ्या गॅस बॉयलरच्या चोवीस व्होल्टच्या बारीक तारा. या दोघांची गाठ पडू द्यायची नाही. डावीकडून निरोप आला की माझी तांब्याची गुंडाळी लोखंडी पट्टी ओढते, टक् असा आवाज होतो, उजवीकडच्या दोन तारा आपापसात जुळतात आणि बॉयलर पेटतो. डावीकडच्याचा वारासुद्धा उजवीकडच्याला लागत नाही.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. कारखान्यात एका बाईनं मला शंभर वेळा टक् टक् करायला लावलं आणि "बरा आहे" म्हणून खोक्यात टाकलं. आयुष्यात झालेलं कौतुक तेवढंच.

या घरात आलो तोही एका तंट्यापायी. घर विल्फ्रेड हॉलरॉयडचं आणि त्याची बायको डोरीनचं. विल्फनं चाळीस वर्षं गालिच्यांच्या गिरणीत माग दुरुस्त केले, त्यामुळे दुसऱ्याचं काम त्याला कधी पटत नाही. जुना बॉयलर मेला, नवा आला. त्याच्याबरोबर नवा थर्मोस्टॅटही घ्या, असं बसवणारा म्हणाला. घर गार झालं की पेटायचा निरोप धाडतो, तो हा थर्मोस्टॅट.

"माझा चांगला चालतोय. गळ्यात मारायला बघतोस होय?" विल्फ म्हणाला, आणि हॉलमधला गोल चकतीचा जुना थर्मोस्टॅट काही त्यानं काढू दिला नाही. तो माणूसही वैतागला. त्यानं जुन्या थर्मोस्टॅटची तार सरळ नव्या बॉयलरला जोडली. दोनशे तीस व्होल्ट चोवीसच्या घरात घुसले. फट् झालं, जळका वास सुटला आणि बॉयलरचं कोरं सर्किट गेलं. तो माणूस परत काही फिरकला नाही.

मग बॉयलर दुरुस्त करणारी ग्वेन पिकल्स आली. तिनं दुसरं सर्किट टाकलं आणि मध्ये मला बसवलं.

"हा डबा काय करतो?" विल्फनं विचारलं.

"दोघांना लांब ठेवतो, मिस्टर हॉलरॉयड."

"हल्ली न मागता डबे बसवतात," विल्फ पुटपुटला. माझं या घरात झालेलं स्वागत हे असं.

अकरा वर्षं मी इमानानं काम केलं. झाकणावरची धूळ कुणी पुसली नाही. मग गेल्या जानेवारीत डोरीन न्यूमोनियातून उठून दवाखान्यातून घरी आली. तिला थंडी लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विल्फनं सतरा अंशांवरचा थर्मोस्टॅट एकोणीसवर नेला, तिथं पेन्सिलनं रेघ मारली आणि म्हणाला, "यापुढं नाही."

त्या दिवसापासून तो माझ्यावर कान ठेवून बसू लागला. मी टक् केलं की गॅस जळायला लागला, हे त्यानं ओळखलं होतं. मग तो पुढचं दार उघडून बाहेरच्या भिंतीतला गॅसचा मीटर बघायला जायचा. मी थांबलो की खरंच थांबलाय का, ते बघायला पुन्हा जायचा. आणि घरात येऊन बसतो न बसतो तोच माझं पुन्हा टक्.

"डोरीन, हात लावलास?"

"नाही रे बाबा. मी तर खुर्चीतून हललेसुद्धा नाही."

"मग हे काय वाजलं?"

"मला काय विचारतोस? त्या डब्याला विचार."

तो हॉलमध्ये जाऊन बघायचा. चकती पेन्सिलच्या रेघेवरच असायची. याचा अर्थ त्यानं असा लावला, की ती फिरवते आणि तो यायच्या आत परत रेघेवर आणून ठेवते. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मलाही तसंच वाटलं. कपाटाच्या अंधारात मला दिसत काहीच नाही, निरोप तेवढा कळतो. निरोप तर वरचेवर येत होता. मग बाईच ती, दुसरं कोण असणार? मी तिची चहाडी करत होतो आणि स्वतःला इमानदार समजत होतो.

डोरीन दोन स्वेटर घालून बसायची. खोकायची. एका सकाळी ती फोनवर बहिणीशी बोलताना मी ऐकलं. "तुझ्या गावी, फायलीला, राहायला येते गं. थंडीचं काही नाही, ती सोसेन. एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाला आणि हा मला चोर म्हणतोय."

विल्फनं बहुतेक ऐकलं असावं. त्याचा राग माझ्यावर निघाला. तो पेचकस घेऊन कपाटात शिरला. "दोन तारा येतात, दोन जातात. मधे हा कशाला?" असं म्हणत त्यानं माझं झाकण काढलं. मला उपटून तारा सरळ जोडायचा त्याचा बेत होता. म्हणजे पुन्हा फट्, पुन्हा सर्किट खलास, आणि ऐन बर्फात डोरीनच्या छातीला ऊब नाही. शिवाय मेन स्विच त्यानं बंदच केला नव्हता. निरोप आला असता तर दोनशे तीस व्होल्ट त्याच्या बोटाखाली होते. मी कितीही ओरडलो तरी तोंडून टक् एवढंच निघणार.

कुणीतरी मेन स्विच खाली ओढल्याचा आवाज आला. डोरीन कोट घालून, पिशवी घेऊन दारात उभी होती.

"ऊठ तिथनं," ती म्हणाली. "मरायचं असेल तर मी गेल्यावर मर. ग्वेनला बोलावलंय."

ग्वेननं माझं झाकण नीट बसवलं, स्विच वर केला आणि चहाचा मग घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मिस्टर हॉलरॉयड, मीटर बघून या बरं. रोज बघता तसाच."

तो गेला, दार सताड उघडं टाकून. बाहेरचा गार वारा हॉलमध्ये शिरला आणि सरळ थर्मोस्टॅटवर आला. तीनेक मिनिटांत माझ्याकडे निरोप आला. टक्.

"हा घ्या तुमचा चोर," ग्वेन म्हणाली. "बर्फाची हवा आणून थर्मोस्टॅटवर सोडताय. त्यानं बिचाऱ्यानं करायचं काय?"

विल्फ दारातच उभा राहिला. "डोरीन, मला..."

"दार लाव आधी," डोरीन म्हणाली. आणि ग्वेनच्या व्हॅनमध्ये बसून ती स्टेशनवर गेली. लाज वाटली हो मला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तीन आठवडे विल्फ मीटरकडे गेला नाही. रेघ पुसून त्यानं चकती बावीसवर नेली होती, रिकाम्या घरात. मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. आम्हा डब्यांना उघडण्याआधी मेन स्विच बंद करा, समजत नसेल तर हात लावू नका. आणि आम्ही वाजलो म्हणून घरातल्या माणसाला आरोपी करू नका. आम्हाला वाजायचं तेवढं कळतं, कारण कळत नाही.

डोरीन एका रविवारी परतली. हॉलमध्ये थांबून तिनं कोट काढला, मग एक स्वेटर.

"भट्टी केलीस रे घराची," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःच्या हातानं चकती खाली फिरवली.

माझी पट्टी सुटली. टक्. विल्फनं ऐकलं, आणि तो चहा ठेवायला आत गेला.